आग्नेय कोपऱ्यातली लादी

"आणि इथे खाली वास्तुपुरुष आहे," अनंत म्हणाला. "सोन्याचा. माझ्या आईनं स्वतःच्या कानातली फुलं मोडून केलेला."

मी चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच राहिलं आणि चहा कप सोडून ओट्यावर पसरला. आमचं घर विकत घेणारी ती दोघं, केयूर आणि त्याची बायको दीप्ती, स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात वाकून बघत होती, जसं काही लादीतून खालचं दिसणारच होतं. पिठाच्या डब्यानं अर्धी झाकलेली, कडेनं काळवंडलेली साधी मोझॅकची लादी. दीप्तीनं तिला नमस्कार केला. मुलगी चांगली आहे, माझा राग तिच्यावर नाही. "झकास, म्हणजे सगळं विधिवत केलंय तुम्ही," केयूर म्हणाला, आणि अनंत फुलला. मनात मी त्याला अनंतच म्हणते, तोंडानं मात्र लग्नापासून 'अहो'. मनातलं एक आणि तोंडातलं एक, ही सवय तिथूनच लागली असावी. मी ओटा पुसला. कुणाच्या आईनं, असं विचारायला जीभ वळवळली होती, पण पाहुण्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. मी कप ट्रेमध्ये मांडले आणि बिस्किटं विसरले.

बाहेर एजंट हर्षद सोफ्यावर मांडी ठोकून बसला होता. मुलुंडच्या या बाजूची निम्मी घरं त्यानंच इकडची तिकडं केली आहेत, असं तो स्वतःच सांगतो. "काकू, एकदम सिंपल आहे," तो मला म्हणाला, कारण पंख्यांचा विषय मी काढला होता. "जे भिंतीला, जमिनीला घट्ट बसवलंय ते घराचं. जे सुटं आहे, उचलून नेता येतं, ते तुमचं. नंतर लफडं नको. एका पार्टीनं तर जाताना कड्या-कोयंडेसुद्धा काढून नेले होते, बोला!" सगळे हसले. मीही हसले. घट्ट आणि सुटं. मग तो खोल्याखोल्यांतून बोट दाखवत फिरला: गीझर घराचा, ट्रॉल्या घराच्या, बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी-कप्पी घराची, पलंग तुमचा, टीव्ही तुमचा पण त्याचा स्टँड घराचा. त्याच्या बोटासमोरून मी ट्रे घेऊन गेले तेव्हा वाटलं, हा आता माझ्यावरही बोट ठेवणार. मी कशात मोडते? इतकी वर्षं या ओट्यापुढे उभी राहून लादीला पायांच्या जागा पडल्यात, म्हणजे घट्टच म्हणायचं. पण आमचा चिरंजीव, ओजस, म्हणतो की आई-बाबा, तुम्ही फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी या. म्हणजे सुटी.

ओजसनं गोरेगावला तीन खोल्यांचा मोठा फ्लॅट घेतलाय. त्यातली एक खोली आमची. हे घर विकून येईल ते त्यातच जाणार, आणि आम्हीही त्यातच जाणार. सून गंधाली गुणी आहे, स्पष्ट बोलते. "आई, प्लीज, जुनं काही आणू नका हं. आपल्याकडे सगळं इनबिल्ट आहे. जागाच नाहीये." तिच्या घरात सगळं भिंतीत लपतं, कपाटं भिंतीत, पलंग भिंतीत, देवसुद्धा एका सरकत्या फळीमागे. म्हणजे हर्षद म्हणाला त्यातलं घट्ट ते इथे राहायचं आणि सुटं ते तिथे चालायचं नाही. पाटा-वरवंटा बाई घेऊन गेली. पितळी पातेली मोडीत गेली. शिवणाचं मशीन अनंतनं ओळखीच्या कुणाला तरी देऊन टाकलं आणि मग मला सांगितलं. मी म्हटलं, बरं केलंत. मला हे खरंच फारसं लागलं नाही. वस्तूंचं काय, वस्तू झिजतात. पण ती फुलं झिजली नव्हती. ती जमिनीत होती, आणि ती माझ्या आईची होती.

आई घाटकोपरला भटवाडीत राहायची, एका खोलीत, आम्ही तीन भावंडं आणि भिंतीवर बाबांचा फोटो. तिच्या अंगावर सोनं म्हणजे ती दोन फुलं. मला झोप यायची नाही तेव्हा मी तिच्या कानाची पाळी बोटात धरून पडायची. पाळी मऊ, खोबरेल तेलानं जरा चिकट, आणि तिच्या मधोमध ते गार, टोकेरी फूल. मी दाबलं की ती झोपेतच म्हणायची, "दुखतं गं, जया." पण कूस बदलायची नाही. एका फुलाची फिरकी हरवली होती. नवी करायची म्हणत म्हणत तिनं वर्षानुवर्षं मळसूत्रावर दोरा गुंडाळून काम भागवलं. दिवाळीच्या आधी रिठ्याच्या पाण्यात बुडवून दोन्ही फुलं जुन्या ब्रशनं घासायची आणि तेवढा वेळ तिचे कान उघडे, परके दिसायचे. मला ते बघवायचं नाही. नंतर ते कान मी तसे कायमचे पाहिले. हॉस्पिटलात नर्सनं फुलं उतरवून गॉजच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. भाऊ म्हणाले, तूच ठेव, तूच तिचं केलंस. दोरा तसाच होता, तेलानं काळा झालेला.

त्यानंतर वर्षभरात आम्ही हे घर घेतलं. वास्तुशांतीच्या आधी सासूबाई म्हणाल्या, वास्तुपुरुष सोन्याचाच हवा, तांब्याचा काय घालायचा, लोक काय म्हणतील. सोनं कुणाकडचं, हे त्या बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आईनं आयुष्यभर एका खोलीत दिवस काढले, तर तिचं काहीतरी माझ्या घराच्या पायात असू दे. कुणी मागितलं नव्हतं, मी आपणहून दिलं, हेही खरं. पण आपल्या हातानं गुरुजींपुढे ठेवणं मला अवघड वाटलं. मोठं माणूस घरात असताना सुनेनं पुढे पुढे कसं करायचं? म्हणून मी ती फुलं गॉजसकट सासूबाईंच्या हातात दिली. त्या सोनाराकडे गेल्या, घडवून आणलं, आणि पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर कमरेच्या रुमालाची गाठ सोडून ती मूर्ती त्यांनी गुरुजींना दिली. बायका म्हणाल्या, सासू असावी तर अशी! सासूबाई काही बोलल्या नाहीत. खोटं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला. मी त्यात मागे उभी आहे, हातात कलश, डोळे मिटलेले.

गवंड्यानं कोपऱ्यातली लादी उचलून खड्डा केला होता. गुरुजींनी तांब्याच्या डबीत धान्य घातलं, त्यावर ती मूर्ती पालथी ठेवली आणि लादी बसली. पुढे दर सणाला मी त्या लादीवर नैवेद्याचं चिमुकलं पान मांडत आले: भात, वरण, वर तुळशीचं पान. मुंग्या यायच्या. सासूबाई म्हणायच्या, घरात वाईट बोलू नये गं, वास्तू तथास्तु म्हणत असते. मी वाईट बोलत नव्हते. मी काहीच बोलत नव्हते, आणि खालचा तो त्यालाही तथास्तु म्हणत होता. पान मांडताना मी मनात 'आई' म्हणायची, आणि हॉलमध्ये अनंत आल्यागेल्याला सांगत असायचा की आमच्या आईनं कानातली फुलं मोडली हो. सुरुवातीला मला हसू यायचं. आपल्याला ठाऊक आहे ना, मग झालं. नंतर हसू थांबलं. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्याला भाषणं करायची पद्धत नसूनही एका काकांनी ते सांगितलंच, आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी जिलबी वाढत होते. ठाऊक असलेली गोष्ट आपल्या एकटीलाच ठाऊक राहिली की हळूहळू ती खरी राहत नाही. रात्री अंथरुणावर मी स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची: दोरा होता ना? काळा होता ना? होता.

ती माणसं गेल्यावर मी कप विसळता विसळता म्हटलं, "अहो, ती फुलं माझ्या आईची होती."

"कुठली?"

"वास्तुपुरुषाची."

अनंत पेपर वाचत होता. त्यानं तो खाली ठेवला. "काहीतरीच काय. आईनं रुमालातून काढून दिली. फोटो आहे अल्बममध्ये."

"त्यांच्या हातात मी दिली होती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" हे तो रागावून नाही, खऱ्या कुतूहलानं म्हणाला. उत्तर होतं, पण ते एका वाक्यात मावत नव्हतं. मी म्हटलं, आपण तो काढून घेऊ आणि बरोबर नेऊ. तसा तो उठून उभाच राहिला. "वेडी आहेस का? वास्तुपुरुष काढत नसतात. तो वास्तूचा असतो, आपला नसतो. उद्या त्या पोरांचं काही बरंवाईट झालं तर? आणि हर्षद काय म्हणाला? जमिनीत घट्ट आहे ते घराचं. फोडाफोडी करून व्यवहाराची वाट लावू नकोस." त्यानं तिथल्या तिथे गुरुजींनाही फोन लावला. गुरुजी म्हणाले, तिथेच असू द्या. मग त्यानं ओजसला लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "आई, यार," ओजस म्हणाला, "कुणाचं होतं यानं आता काय फरक पडतो? ते तिथेच राहणार आहे ना? आजीचं काय, तुझ्या आईचं काय, सेमच ना." मी म्हटलं, सेमच. वारा फिरला होता, कांजूरच्या कचरा डेपोचा आंबूस वास खिडकीतून आत येत होता. मी खिडकी लावली. माझ्या आयुष्यातली जी एकच गोष्ट मी मागून बघितली ती शास्त्रात बसत नव्हती, कायद्यात बसत नव्हती आणि मुलाच्या डोक्यातही बसत नव्हती. अनंतला पाप लागेल म्हणून भीती वाटत होती असंही नाही. त्याला फक्त कटकट नको होती. देवाधर्माच्या नावाखाली किती माणसं नुसता आळस करतात, हे मी या घरात चांगलं पाहिलंय.

दोन-चार दिवसांनी तो सोसायटीच्या ऑफिसात ना-हरकत पत्र आणायला गेला. सेक्रेटरी माणसाला बसवून ठेवतो, ते मला माहीत होतं. मी हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या सिमेंटची पुडी आणून ठेवली होती. भर दुपारी, सगळ्या बिल्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावरच्या शांततेत, मी पिठाचा डबा सरकवला, खाली बसले, गुडघे कुरकुरले. स्क्रूड्रायव्हर फटीत घातला आणि वरून खलबत्त्याचा बत्ता मारला. आवाज एवढा झाला की मीच दचकले. चोराला असंच होत असेल. पण चोर दुसऱ्याच्या घरात शिरतो, मी माझ्याच स्वयंपाकघरात बसले होते, माझंच काढत होते, आणि तरी घाम फुटला होता. वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाइपावर ठकठक केलं. मी थांबले, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा मारला. एका कोपऱ्याचा टवका उडाला आणि लादी सुटली. खाली भुसभुशीत माती, ओल, कसलीतरी बारीक मुळं. डबी हिरवी पडली होती. झाकण पदरात धरून पिळलं तेव्हा आतून काळ्या धान्याची पूड सांडली, आणि तिच्यात तो पालथा पडला होता.

नखाएवढा. गुडघे-कोपरं दुमडलेला, जसा सोनारानं साच्यातून काढला तसाच. सोनं काळं पडत नाही, अंगठ्यानं पुसल्यावर चकाकलं. मी तो तळहातावर घेतला आणि वाट बघत बसले. मला वाटलं होतं काहीतरी होईल, तो गार टोकेरी स्पर्श, तेलाचा वास, निदान रडू तरी. काही झालं नाही. त्यात फूल नव्हतं, पाकळी नव्हती, दोरा नव्हता. आईच्या कानांतून त्यांनी एक पुरुष घडवला होता आणि मी त्याला इतकी वर्षं भात वाढत होते. मग मला राग आला, इतका की डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंचा राग, अनंतचा, आणि कलश धरून डोळे मिटून उभ्या राहिलेल्या त्या माठ मुलीचा सगळ्यांत जास्त. परत ठेवावा असं मात्र एकदाही वाटलं नाही. रिकामी डबी खड्ड्यात ठेवली, माती लोटली, लादी बसवली. पांढरं सिमेंट फारच पांढरं दिसायला लागलं, म्हणून त्यावर चहाचा चोथा चोळला. टवक्यावर पिठाचा डबा आला. अनंत आला तेव्हा मी वरण फोडणीला टाकत होते. तो म्हणाला, "मिळालं एकदाचं." मी म्हटलं, "हो का? बरं झालं."

चावी द्यायच्या दिवशी घर अगदी मोकळं होतं. बोललं की आवाज भिंतींवरून परत येत होता. हर्षद पंखे मोजत फिरला, केयूरनं गीझर लावून पाहिला. पिठाचा डबा आता नव्हता, आणि तुटक्या कोपऱ्याची ती लादी उघडी पडली होती. मी तिच्याकडे पाठ करून उभी होते. मूर्ती माझ्या पर्समध्ये, टाचण्यांच्या डबीत. दीप्ती स्वयंपाकघरात आली. "काकू, आम्ही सगळी लादी बदलतोय," ती म्हणाली, "पण ही एक नाही. आर्किटेक्टला सांगितलंय, याला हात लावायचा नाही. खरं तर वास्तुपुरुष आहे म्हणूनच मी या घराला हो म्हटलं. केयूरला स्टेशनजवळचं हवं होतं." मी म्हटलं, "छान." आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडेच आला.

तेवढ्यात अनंत दारात येऊन उभा राहिला. त्यानं घसा खाकरला. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो खाकरा ओळखते, काहीतरी मोठं करायचं असलं की येतो. "एक सांगायचं राहिलं," तो दीप्तीला म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता. "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. परवा माझ्या बहिणीशी, सुलक्षणाशी, बोलत होतो. ती म्हणाली, आईची फुलं तर माझ्याकडे आहेत, लग्नात तिनं मलाच घातली. म्हणजे हीच बरोबर होती. वास्तुपुरुष हिच्या आईच्या सोन्याचा आहे. नलिनीबाईंच्या. मी आपलं उगाच सगळीकडे..." त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. घरात, दोघंच असताना, हे त्याला सांगता आलं नव्हतं. त्याला ते असं चार माणसांत द्यायचं होतं, जसं चार माणसांत घेतलं होतं. मला त्याचं ते कळलं. आणि आईचं नाव, पुरतं, बाई लावून, या भिंतींमध्ये कुणीतरी पहिल्यांदाच घेतलं होतं. एवढंच तर हवं होतं. सोनं कुणाला हवं होतं?

"अय्या, काकू!" दीप्तीनं माझा हात धरला. "तुम्ही बोलला कशा नाहीत? नलिनी ना? मी लक्षात ठेवीन. दर अमावास्येला नैवेद्य ठेवीन ना, तेव्हा त्यांचं नाव घेऊन ठेवीन. प्रॉमिस."

रिकाम्या डबीपुढे. चहाच्या चोथ्यापुढे. ही भाबडी मुलगी महिन्याच्या महिन्याला भात वाढणार, हात जोडणार आणि त्या भोकाला माझ्या आईचं नाव देणार. उद्या कधी लादी निघालीच आणि डबी रिकामी सापडली, तर लोक म्हणतील, कोण ती नलिनी, नुसतीच डबी पुरली होती. मला दुसरं काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर एकदम दोन्ही सांगायला हवं होतं, फुलं कुणाची आणि मूर्ती आता कुठे, आणि तेवढी माझी छाती नव्हती.

"नाही गं," मी म्हटलं. "ह्यांचं काहीतरीच. सासूबाईंचीच होती ती."

अनंत बघतच राहिला. "अगं, पण सुलू म्हणाली..."

"त्यांच्याकडे दोन जोड होते. एक सुलूताईंना दिला, एक इथे घातला. सुलूताई तेव्हा सासरी होत्या, त्यांना काय माहीत? मी आपलं त्या दिवशी चिडून बोलले." खोटं इतकं सरळ, इतकं घडवलेलं बाहेर आलं की माझं मलाच नवल वाटलं.

अनंतनं चष्मा काढून पुसला, परत घातला. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, ओझं उतरल्यासारखा, आणि मग तिथे ते जुनं फुलणं आलं. "मी तेच म्हणत होतो इतकी वर्षं," तो केयूरकडे वळून म्हणाला. "हिनंच मध्ये घोळ घातला."

"काका, जाऊ द्या, होतं असं," हर्षद बाहेरून हसला.

"मग आजींचं नाव काय, काकू?" दीप्तीनं विचारलं.

"द्रौपदी."

"द्रौपदीआजी," ती स्वतःशी म्हणाली, पाठ करण्यासाठी पुन्हा म्हणाली, आणि लादीपुढे खाली बसून तिनं डोकं टेकलं. मग मान वळवून माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही पण करा ना. आता शेवटचाच."

मी पर्स काखेत घट्ट दाबली, तिच्या शेजारी बसले आणि हात जोडले.